पवनचक्क्यांच्या संशोधनात सरकारी पैसा: त्यातून नेमकं काय हाती आलं?

सहामाही

नमस्कार. मी भौतिकशास्त्र शिकवतो. परवा वर्गात वाऱ्यातल्या ऊर्जेचं सूत्र चाललं होतं. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, चक्क्या कंपन्या बनवतात, कंपन्याच विकतात. मग सरकारं संशोधनाला पैसे देतात ते कशासाठी? आणि जास्तीत जास्त किती ऊर्जा काढता येते हे तर शंभर वर्षांपूर्वीच कळलंय, मग शोधायचं काय उरलंय?"

दुसरा भाग बेट्झच्या मर्यादेबद्दल होता. वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून जास्त कोणतीच चक्की घेऊ शकत नाही, हे आदल्याच तासाला सांगितलं होतं. प्रश्न चांगला आहे, आणि तिला "मूलभूत संशोधन महत्त्वाचं असतं" असं पुस्तकी उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

वाचायला बसलो तर जे हाती लागलं ते तिच्या शंकेच्या बाजूचंच निघालं. १९७५ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या सरकारने पवनऊर्जेच्या संशोधनावर साधारण ४३ कोटी डॉलर खर्च केले, पश्चिम जर्मनीने साधारण १० कोटी आणि डेन्मार्कने २ कोटींच्या आत. आणि ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात चक्क्यांची लाट आली तेव्हा नाव झालं ते डॅनिश यंत्रांचं. ज्याने सर्वांत कमी खर्च केला तो पुढे गेला.

मला नावानिशी उदाहरणं हवी आहेत. अमुक पैसा दिला, त्यातून अमुक गोष्ट मिळाली, आणि ती कंपनीने स्वतःहून केली नसती, असं दाखवता येईल का? या क्षेत्रात काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रोखठोक

सर, तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे. मी अर्थशास्त्राच्या बाजूने लिहितो.

अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली 'मॉड' नावाची चक्क्यांची मालिका झाली. १९७५ मध्ये ओहायोत १०० किलोवॅटची पहिली, १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात २ मेगावॅटची, मग वॉशिंग्टन राज्यात अडीच मेगावॅटच्या तीन, आणि शेवटी १९८७ मध्ये हवाईत ३.२ मेगावॅटची. कंत्राटं विमानं आणि वीजयंत्रं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना. यातली एकही बाजारात खपणारं यंत्र झाली नाही.

जर्मनीचं ग्रोव्हियान त्याहून वाईट. दोन पात्यांची ३ मेगावॅटची चक्की, रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास १०० मीटर, उत्तर समुद्राच्या किनाऱ्याजवळ १९८३ मध्ये उभी राहिली. हबच्या, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या, भागात तडे गेले. पाडेपर्यंत ती एकूण जेमतेम ४२० तास चालली.

दुसरीकडे डेन्मार्कमध्ये सुतार, लोहार आणि शेतीची अवजारं बनवणारे कारखानदार २२, ३०, ५५ किलोवॅटच्या छोट्या चक्क्या बनवत होते, त्या मोडल्या की दुरुस्त करत होते, पुढची थोडी मोठी करत होते. सरकारने गिऱ्हाइकाला अनुदान दिलं, बाजार तयार झाला, बाकीचं बाजाराने केलं. संशोधनाचा पैसा म्हणजे कुठलं यंत्र जिंकणार हे अधिकाऱ्यांनी आधीच ठरवणं. ते त्यांना जमत नाही आणि जमण्याचं कारणही नाही.

तिसरी पाळी

सर, प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे लांबलचक लिहिते आहे.

पवनचक्क्यांच्या पात्यांची चाचणी होते अशा प्रयोगशाळेत मी काम करते. पात्याचं मूळ एका प्रचंड जड स्टँडला बोल्टांनी आवळायचं, आणि मग ते पातं महिनोन्‌महिने डोलवायचं. पात्यावर बसवलेलं वजन त्याच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेला हलवलं की थोड्या ताकदीत मोठा झोल मिळतो. तुमच्या मुलांना अनुनाद शिकवताना हे सांगा. लांब पात्याचा एक झोका पूर्ण व्हायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. आधी एका दिशेने लाखो झोके, मग आडव्या दिशेने आणखी काही लाख. मिनिटाला १२ फेऱ्यांनी सतत फिरलेली चक्की २० वर्षांत १२ कोटींहून जास्त फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत पात्याचं स्वतःचं वजन एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने त्याला वाकवतं. तेवढं आयुष्य थोड्या महिन्यांत बसवायचं म्हणून आम्ही भार वाढवतो आणि झोके कमी करतो. रात्रीच्या पाळीत पडद्यावर स्ट्रेन गेजचे, म्हणजे पातं किती ताणलं जातंय ते मोजणाऱ्या पट्ट्यांचे, आकडे बघायचे, ठरावीक वेळाने झोका थांबवून पात्याच्या आत-बाहेर फिरायचं, पृष्ठभागावर नाण्याने टकटक करून आवाज बद्द येतो का ते ऐकायचं. तडा दिसला की त्याच्या टोकाशी खूण करून तारीख घालायची, म्हणजे पुढच्या वेळी तो किती सरकला ते कळतं.

आता मुद्द्यावर येते. कंपनीचं पातं येतं तेव्हा त्यासोबत गोपनीयतेचा करार येतो. तो योग्यच आहे, त्यांनी त्यावर पैसा ओतलेला असतो. पण याचा परिणाम बघा. एका पात्यात मागच्या कडेच्या चिकटवणीच्या सांध्यात, मुळाकडून रुंदी जिथे सर्वांत जास्त असते त्याच्या थोडं पुढे, तडा गेला. अहवाल गेला, फाइल बंद झाली. पुढे दुसऱ्याच कंपनीचं, वेगळ्या कारखान्यात बनलेलं पातं आलं आणि तडा जवळजवळ त्याच जागी गेला. पहिल्याबद्दल माहिती असलेली मी तिथे उभी होते आणि दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्याला एक शब्द सांगू शकत नव्हते. तो माणूस हुशार होता, कारण शोधायला त्याने रात्री घालवल्या, आणि जे एकदा सापडलेलं होतं ते त्याने पुन्हा सापडवलं. दोन्ही कंपन्यांनी त्याच धड्याची फी वेगवेगळी भरली. याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

सार्वजनिक प्रकल्पातलं पातं आलं की सगळं बदलतं. ते आम्ही मोडेपर्यंत वाकवतो, मग करवतीने कापतो, प्रत्येक छेदाचे फोटो काढतो, थर मोजतो, आणि आकडे प्रसिद्ध होतात. नमुन्यांच्या पातळीवर हेच काम माँटाना स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी ऊर्जा खात्याच्या पैशाने सँडिया प्रयोगशाळेबरोबर केलं. फायबर ग्लासच्या वेगवेगळ्या विणी, रेझिनं, सांधे यांच्या छोट्या पट्ट्या लाखो-कोटी वेळा ताणून दाबून कधी तुटतात ते पाहिलं. दहा हजारांहून जास्त चाचण्यांची ती नोंदवही कुणालाही उघडून पाहता येते. पातं बनवणारा नवखा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कुठल्या कंपनीने ही वही भरून प्रतिस्पर्ध्यांना दिली असती?

रोखठोक, डेन्मार्कची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. सुतार-लोहार खरे, त्यांची जिद्दही खरी. पण त्यांच्या हातात जो आराखडा होता तो आकाशातून पडला नव्हता. आस्कोव्ह गावात पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये प्रयोगाची पवनचक्की उभी केली ती सरकारी मदतीने. पुष्कळ रुंद पात्यांपेक्षा मोजकी आणि वेगाने फिरणारी पाती विजेसाठी बरी, हे त्यांनी मोजून दाखवलं. पुढे योहानेस यूल यांची गेडसरची चक्की आली १९५७ मध्ये. तीन पाती, २०० किलोवॅट, रोटर २४ मीटर. तिच्यात मार्शल योजनेतून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीतून, आलेल्या सार्वजनिक निधीचा वाटा होता. वारा फार वाढला की पात्यावरून प्रवाह आपोआप सुटावा आणि शक्ती आवरली जावी अशी तिची रचना होती, आणि रोटर बेफाम झालाच तर पात्यांची टोकं वळून ब्रेक लागायचा. ती दहा वर्षं चालली, मग तेल स्वस्त होतं म्हणून बंद पडली. तेलसंकटानंतर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा चालू केली ती वीज विकायला नव्हे, मोजमापासाठी, आणि त्या मोजमापाला डॅनिश पैशाबरोबर अमेरिकी सरकारचाही पैसा होता. सुतारांनी ज्या यंत्राचा वंश पुढे नेला ते हे यंत्र.

आणि तुम्ही म्हणता ते गिऱ्हाइकाचं अनुदान? १९७९ मध्ये ३० टक्के अनुदान सुरू झालं तेव्हा त्याला अट होती: रिसो या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचणी केंद्राची मान्यता असलेल्या चक्कीलाच ते मिळेल. हे केंद्र आदल्याच वर्षी उघडलं होतं, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वादळात ब्रेक निकामी होऊन काही चक्क्या बेफाम फिरून मोडल्या होत्या. त्यानंतर केंद्राने दोन स्वतंत्र ब्रेक सक्तीचे केले, एक बिघडला तरी दुसरा चालला पाहिजे. एका छोट्या कारखानदाराने स्वतःहून दुसरा ब्रेक लावला असता तर त्याची चक्की शेजाऱ्यापेक्षा महाग झाली असती. सगळ्यांना एकदम लावायला लागला म्हणून कुणाचंच नुकसान झालं नाही. शिवाय चक्कीमालकांची संघटना दर महिन्याला कुठल्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली आणि काय बिघडलं ते छापून आणत होती. तुम्ही ज्याला बाजार म्हणता तो हे वाचून खरेदी करत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. २ कोटींत डेन्मार्कने चक्की विकत घेतली नाही, चक्क्या मोजण्याची सोय विकत घेतली. सरकारी पैसा तिथे गेला की तो फुकट जात नाही.

रोखठोक

रिसोच्या अटीचा मुद्दा मान्य. ती अट मला माहीत होती, पण मी तिला संशोधनात धरत नव्हतो. धरायला हवी, हे पटलं.

तरी ग्रोव्हियान आणि मॉडचं काय? तिथेही मोजमाप होतंच की. उपकरणांनी भरलेली यंत्रं होती ती. तुमच्या नियमाने ती यशस्वी ठरायला हवी होती.

तिसरी पाळी

रास्त प्रश्न. दोघांना मी एका तागडीत घालत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉड-१ ची पाती मनोऱ्याच्या मागच्या बाजूला होती, म्हणजे वारा आधी मनोऱ्यातून जाऊन मग पात्यांवर यायचा. मनोरा पोलादी जाळीचा, जाड पायांचा. पातं प्रत्येक पायामागच्या मंद हवेतून गेलं की एक धप्प असा खोल आवाज व्हायचा, आणि आसपासच्या घरांत तो जाणवायचा. लोकांच्या तक्रारी आल्या. यंत्र म्हणून ती चक्की गेलीच. पण सरकारी प्रयोगशाळेच्या माणसांनी घराघरांत आणि टेकडीवर आवाज मोजून, तो नेमका कसा तयार होतो, दरीत कसा पसरतो, घराच्या भिंती त्याला कशा साथ देतात हे शोधून जाहीर केलं. आज मोठ्या चक्क्यांची पाती मनोऱ्याच्या पुढे असतात त्याच्या कारणांत हेही एक आहे. जे चुकलं ते सगळ्यांच्या उपयोगी पडलं, कारण ते लपवता येत नव्हतं.

ग्रोव्हियानचं दुखणं वेगळं. छोट्या चक्क्यांचा अनुभव नसताना एकदम १०० मीटर व्यासावर उडी मारली. उपकरणं होती, पण ४२० तासांत मोजणार काय? थकव्यामुळे येणारे तडे, हिवाळ्यातलं बर्फ, चार वर्षांनंतरचा सांधा, यातलं काहीही तेवढ्या वेळात दिसत नाही. एकच मोठं यंत्र केलं की ते बंद पडलेल्या दिवशी संशोधनही बंद. तिथे पैसा वाया गेला असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

पण जर्मनीने पुढे काय केलं तेही बघा, मला ही गोष्ट सर्वांत आवडते. त्याच जागेवर १९८७ मध्ये छोट्या छोट्या चक्क्यांचं पवनक्षेत्र उभं राहिलं. आणि १९८९ मध्ये सरकारने नवा कार्यक्रम काढला. आधी १०० मेगावॅट, मग वाढवून २५० मेगावॅटपर्यंतच्या चक्क्यांना मदत द्यायची, पण एका अटीवर: मालकाने वर्षानुवर्षं नोंदी द्यायच्या. दर महिन्याचं उत्पादन, आणि चक्की जेव्हा जेव्हा बंद पडेल तेव्हा काय मोडलं, का मोडलं, किती वेळ गेला, याचा कागद. शेतकरी, छोट्या सहकारी संस्था, वीजकंपन्या, सगळे हा कागद भरत होते. सुमारे १५०० चक्क्यांच्या दुरुस्तीच्या ६० हजारांहून जास्त नोंदी जमल्या. त्यातून असं काही कळलं जे कुठल्याही एका कंपनीला स्वतःच्या यंत्रांवरून इतक्या नीट कळलं नसतं: वीज आणि नियंत्रणाचे बिघाड वारंवार होतात पण लवकर निपटतात, गिअरबॉक्स आणि जनित्र क्वचित बिघडतात पण बिघडले की चक्की कितीतरी दिवस उभी राहते. आज समुद्रातल्या चक्क्यांची देखभाल ठरवणारी माणसं अजूनही या आकड्यांपासून सुरुवात करतात.

ग्रोव्हियानच्या पैशाने एक चक्की मिळाली. या कार्यक्रमाच्या पैशाने १५०० चक्क्यांचा स्वभाव कळला.

ओळंबा

तिसरी पाळी यांनी पात्यांचं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगतो. माझं काम वारा मोजण्याचे मनोरे उभे करणं आणि त्यांचे आकडे तपासणं.

सर, तुमचं घनाचं सूत्र इथे फार निर्दय होतं. वाऱ्याच्या वेगाच्या अंदाजात १० टक्के चूक झाली तर वाऱ्यातल्या ऊर्जेत ३३ टक्के चूक होते. बँक कर्ज देते ते या आकड्यावर. आणि हा आकडा येतो कुठून? चार वाट्या गरागरा फिरणाऱ्या, किंवा बहुधा तीन, अशा साध्या दिसणाऱ्या वेगमापकातून. या वाट्यांची एक खोड आहे. वाऱ्याचा झोत आला की त्या पटकन वेग घेतात, झोत ओसरला की तितक्या पटकन सोडत नाहीत. त्यामुळे खळबळीच्या वाऱ्यात सरासरी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसते. वारा चढावरून तिरपा आला की प्रत्येक बनावटीचं उपकरण आपापल्या परीने चुकतं. कुठलं किती चुकतं हे शोधायला, उपकरणं विंड टनेलमध्ये तपासायची एकसारखी पद्धत बसवायला युरोपात सार्वजनिक पैशातून वर्षानुवर्षं काम झालं. बातमीत येण्याजोगं यात काही नाही. पण दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते ती त्यामुळे.

दुसरं, वाऱ्याचा नकाशा. एखाद्या हवामान केंद्रात वीस वर्षांच्या नोंदी आहेत, पण चक्की लावायची आहे तिथून ३० किलोमीटरवर, टेकडीवर. काय करायचं? रिसोच्या शास्त्रज्ञांनी रीत बसवली ती अशी: केंद्राच्या नोंदीतून आधी तिथल्या इमारती, झाडी, जमिनीचा खडबडीतपणा, चढउतार यांचा परिणाम काढून टाकायचा. मग जो उरतो तो त्या प्रदेशाचा वारा. त्यावर नव्या जागेची जमीन आणि अडथळे चढवायचे. याचं संगणकीय साधन १९८७ मध्ये आलं, आणि युरोपियन आयोगाच्या मदतीने १९८९ मध्ये युरोपचा वारा-नकाशा प्रसिद्ध झाला. तीच रीत पुढे कितीतरी देशांनी वापरली. आपल्याकडे अण्णा मणी यांनी हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर देशभरच्या वाऱ्याच्या नोंदी जमवून अभ्यासल्या तेही सरकारी पाठबळावरच. कुठल्याही कंपनीने चक्की विकायच्या आधीचं ते काम आहे.

तिसरं उदाहरण छोटं आहे पण मला फार प्रिय आहे. एका चक्कीमागे दुसरी लावली तर मागचीला किती कमी वारा मिळतो? १९८३ मध्ये रिसोमधल्या एन. ओ. येन्सेन यांनी यावर एक छोटासा अहवाल लिहिला. चक्कीमागची मंद हवा शंकूसारखी रुंदावत जाते असं धरून एक साधं समीकरण मांडलं, तुमच्या विद्यार्थिनीला अर्ध्या तासात समजेल असं. तेव्हा समुद्रात एकही पवनक्षेत्र नव्हतं, पहिलं आलं १९९१ मध्ये विंडेबीला. आज शंभर-शंभर चक्क्यांची मांडणी करताना पहिला अंदाज अजूनही त्याच समीकरणाने घेतात.

सहामाही

मंडळी, मनापासून आभार. दोन ब्रेकांची अट आणि ४२० तास विरुद्ध १५०० चक्क्या, हे दोन्ही मी वर्गात नक्की सांगणार.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र परत यायला हवं. बेट्झची मर्यादा माहीत, हवेच्या प्रवाहाची समीकरणं माहीत, आता संगणकही तगडे आहेत. आणि कंपन्या तर आता अवाढव्य झाल्या आहेत. पूर्वी गरज होती हे मान्य केलं तरी आज सरकारने काय शोधायचं?

तिसरी पाळी

सर, याचं उत्तर एका प्रयोगाने देते.

सन २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने १० मीटर व्यासाची दोन पात्यांची चक्की नासाच्या एम्स केंद्रातल्या विंड टनेलमध्ये नेऊन ठेवली. तो बोगदा २४ मीटर उंच आणि ३६ मीटर रुंद, त्यामुळे पूर्ण चक्की आत मावली. पात्याच्या अंगावर दाब मोजण्याची छिद्रं. वारा एकसारखा, हवा तेवढा. बाहेर मोकळ्यावर कधीच मिळत नाही अशी आदर्श परिस्थिती. मग त्यांनी फार प्रामाणिकपणाची गोष्ट केली. मोजलेले आकडे बंद ठेवले आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांना चक्कीचं मोजमाप देऊन सांगितलं, तुमच्या तुमच्या प्रणालीने गणित करून उत्तरं पाठवा.

सर्वांत सोप्या स्थितीत, वारा मंद आणि समोरून, प्रवाह पात्याला चिकटून असताना सुद्धा, लोकांनी सांगितलेली शक्ती मोजलेल्या शक्तीच्या एक चतुर्थांशापासून पावणेदोनपटीपर्यंत पसरलेली होती. हेच तज्ज्ञ आणि हीच साधनं तेव्हा चक्क्यांची गणितं करत होती. बेट्झची मर्यादा माहीत असूनही ही अवस्था. मर्यादा तुम्हाला वरचं छत सांगते, खाली पात्यावर काय चाललंय ते सांगत नाही. फिरणाऱ्या पात्यावर, विशेषतः मुळाजवळ, प्रवाह न फिरणाऱ्या पंखासारखा सुटतच नाही. त्या प्रयोगाचे आकडे नंतर सगळ्यांना खुले झाले आणि आजही नवी प्रणाली लिहिणारा आधी तिथे आपली परीक्षा देतो.

आज काय उरलंय म्हणाल तर माझ्या डोळ्यांसमोरचंच सांगते. पात्याचं टोक सेकंदाला ९० मीटर वेगाने जातं, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरच्या वर. त्या वेगाला पावसाचा थेंब गोळीसारखा लागतो आणि पुढची कड खरवडून निघते. कड खरबरीत झाली की शक्ती कमी. कडेवरचा संरक्षक लेप किती टिकेल हे ठरवायला थेंबांचा आकार, पावसाचा जोर, लेपाचं रसायन, सगळं एकत्र पाहावं लागतं. जोराच्या पावसाचे थोडेच तास सर्वांत जास्त नुकसान करतात, म्हणून तेवढा वेळ चक्की मंद फिरवली तर पात्याचं आयुष्य वाढेल का, यावर डेन्मार्कमध्ये सार्वजनिक निधीतून काम चालू आहे. लेप विकणाऱ्या कंपनीने हा प्रश्न विचारण्याचं काही कारण नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. वर्षानुवर्षं कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. चक्कीवाला म्हणे गिअरबॉक्स वाईट, गिअरबॉक्सवाला म्हणे बेअरिंग, बेअरिंगवाला म्हणे वंगण. २००७ मध्ये अमेरिकी प्रयोगशाळेने सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, ७५० किलोवॅटच्या चक्कीचे गिअरबॉक्स उपकरणांनी भरून चालवले, आणि बिघाडांच्या नोंदी कंपन्यांची नावं झाकून एकत्र केल्या. बहुतेक बिघाड दात्यांत नव्हे, बेअरिंगमध्ये सुरू होतात हे तिथे स्पष्ट झालं. नावं झाकून माहिती एकत्र करायला असा माणूस लागतो ज्याला त्यातलं काही विकायचं नाही.

हे वाचताना मला तो दुसऱ्या कंपनीचा अभियंता आठवतो. त्याला तशी जागा मिळाली असती तर त्याच्या रात्री वाचल्या असत्या.

एक गोष्ट मात्र रोखठोक यांच्या बाजूने सांगायची आहे. सरकारी पैसा आज येतो, उद्या आटतो. अमेरिकेत १९८१ नंतर पवनऊर्जेच्या संशोधनाची तरतूद कापत कापत दशकाच्या अखेरीस अगदी थोडी उरली. जी माणसं मोजायला शिकली होती ती दुसरीकडे गेली. थकव्याची चाचणी मध्येच थांबवून पुढच्या वर्षी तिथून सुरू करता येत नाही, आणि माणसांचंही तेच आहे. मला विचाराल तर एका वर्षी भरभरून देण्यापेक्षा दरवर्षी थोडं पण न चुकता दिलेलं कितीतरी जास्त कामाचं.

आता विद्यार्थिनीसाठी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा गटाने १५ मेगावॅटची एक चक्की प्रसिद्ध केली. रोटर २४० मीटर, हब समुद्रसपाटीपासून १५० मीटरवर. ती कुठेही उभी नाही आणि उभी राहणारही नाही, ती कागदावरची चक्की आहे. पण पात्याची जाडी, पीळ, वजन, मनोऱ्याची भिंत, नियंत्रणाची रीत, सगळे आकडे खुले आहेत, आणि ती चालवून पाहण्याची संगणकीय प्रणालीही फुकट मिळते. कंपन्या आपल्या चक्कीचे आकडे विद्यापीठाला देत नाहीत, म्हणून सार्वजनिक पैशाने ही सामाईक चक्की करावी लागली. तिला ती उतरवून घ्यायला सांगा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ७ वरून ७.७ मीटर करून शक्ती किती वाढते ते सूत्राने काढू द्या, मग प्रणालीने काढू द्या, दोन्ही जुळतात का बघू द्या. नंतर वेग १२ च्या पुढे नेला की सूत्र का कोलमडतं, हे तिचं तिलाच विचारा. अडलं तर इथे लिहा, मी या धाग्यावर येत असते.

सहामाही

नक्की. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या तासाला बसवतो. वेग १२ च्या पुढचा भाग मी तिला आधी सांगणार नाही.

रोखठोक

सर, तिच्या नोंदी इथे टाका. १५०० चक्क्यांच्या त्या कार्यक्रमाचे अहवाल मी वाचायला घेतो आहे. तिसरी पाळी, त्यात बिघाड आणि बंद राहिलेला वेळ यांचा तक्ता चक्कीच्या आकारानुसार वेगळा दिला आहे का? मोठी यंत्रं आल्यावर काय बदललं ते बघायचं आहे.

तिसरी पाळी

हो, आकाराच्या गटांनुसार आहे. मोठ्या यंत्रांत बिघाडांची वारंवारता वाढलेली दिसेल, पण ते तक्ते वाचताना यंत्राचं वय बघा. नव्या बनावटीच्या पहिल्या वर्षांचे बिघाड त्यात मिसळलेले असतात.